तपासणाऱ्याची डर्बी

मोरेश्वर घुल्यांनी आयर्लंडातल्या कॉर्क शहराच्या कारखान्यात एकोणीस वर्षांत एकही गोष्ट केली नाही. त्यांनी सगळ्या तपासल्या.

हे मी चेष्टेनं म्हणत नाही, त्यांचं कामच ते. औषधाच्या कारखान्यात कुणी टाकी धुतली, पावडर मोजली, साधी झडप उघडली, तरी ते कागदावर लिहायचं आणि ‘करणारा’ या रकान्यात सही करायची. शेजारी दुसरा रकाना असतो, ‘तपासणारा’. घुल्यांचा मुक्काम त्या दुसऱ्या रकान्यात. सही म्हणजे तरी काय, नुसती आद्याक्षरं आणि तारीख. एम. जी. पुण्याच्या कॅम्पातल्या रस्त्यासारखं. दिवसाला दीडशे-दोनशे वेळा एम. जी. एम. जी. करून त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. तो ते पाहुण्यांना पदक दाखवल्यासारखा दाखवत.

कारखान्याच्या भिंतीवर एक पाटी आहे. तिचा मराठी अर्थ असा, की जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही. बाकीचे लोक त्या पाटीखाली उभे राहून कॉफी पितात. घुले त्या पाटीवर जगत.

आम्ही तिघं मॅलोत राहायचो आणि एकाच गाडीनं कामावर जायचो. मॅलो हे कॉर्कच्या उत्तरेचं एक गाव. तिथे एक रेसकोर्स आहे आणि एक साखर कारखाना होता, तो बंद पडला. त्यामुळे आपल्या माणसाला तिथे परकं वाटायचं काही कारण नाही. गाडी सलीलची. सलील छत्तिशीतला, नाशिकचा, आमच्याच कारखान्यात ट्रेनिंगच्या स्लाइड्स करणारा. त्याच्या हातात कसलाही खडबडीत कागद द्या, तो गुळगुळीत होऊन परत यायचा. माणूसही तसाच. पुढच्या सीटवर घुले, मागे मी. घुले गाडीतही कामावरच असत.

“सिग्नल हिरवा आहे,” सलील म्हणे.

“आहे,” घुले म्हणत. तपासून.

अशा माणसाला अमेरिकेतल्या घोड्यांच्या शर्यतीचं वेड लागावं, याचं मला फार दिवस नवल वाटे. केंटकी डर्बी. मे महिन्याचा पहिला शनिवार, तीन वर्षांचे घोडे, दोन मिनिटांचा खेळ. घुल्यांनी आयुष्यात एका पैशाची पैज लावलेली नव्हती. लॉटरीचं तिकीटसुद्धा त्यांनी कधी घेतलं नाही, म्हणत, “निकाल आपल्याला तपासता येत नाही.”

हे वेड आलं शेजारून. घुले मॅलोत राहायला आले त्याच रविवारी शेजारचा डोनल सोडा ब्रेडचा गरम पाव घेऊन दारात उभा राहिला. डोनल म्हणजे सत्तरी ओलांडलेला, वाकड्या पायांचा, चाळीस वर्षं वेगवेगळ्या तबेल्यांत घोडे सांभाळून निवृत्त झालेला गडी. त्यानं पाव रोहिणीवहिनींच्या हातात दिला आणि हॉलमधल्या भिंतीकडे बघत राहिला. तिथे वर्तमानपत्राचं एक कात्रण फ्रेममध्ये होतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर, पुण्याचं रेसकोर्स, पावसाळी हंगामातला कुठलासा कप. फोटोत मालक, मालकाची बायको, ट्रेनर, घोड्यावर जॉकी. खाली नावं, ‘डावीकडून’ म्हणून. घोड्याचंसुद्धा नाव होतं. आणि उजव्या कडेला, जिथे फोटो कापला होता, तिथे मनगटापर्यंतचा एक हात. घोड्याचा दोर धरलेला.

डोनल म्हणाला, “हा हात कुणाचा?”

घुले सांगत, “इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं हो. लोक विचारत, यातले तुमचे वडील कोणते?”

तो हात धोंडिबा घुल्यांचा. मोरेश्वररावांचे वडील पुण्याच्या रेसकोर्सवर मोतद्दार होते. पहाटे चारला उठून दुसऱ्याच्या घोड्याला खरारा करायचा, त्याला फिरवून आणायचं, शर्यतीनंतर त्याचा घाम पुसायचा. मुलानं एम.एस्सी. केलं. मुलगी बघायला गेले तेव्हा मध्यस्थानं सांगितलं, “वडील टर्फ क्लबात होते.” खोटं काही नव्हतं. तबेला क्लबातच होता. धोंडिबा त्या बैठकीत नव्या टोपीखाली गप्प बसून होते, आणि मोरेश्वररावही गप्प बसले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना सलील गाडीत नाही ना, हे बघून सांगितलं.

डोनलनं तो हात नाक लावून पाहिला. “दोर हाताला गुंडाळलेला नाही,” तो म्हणाला, “घडी करून धरलाय. घोडा उधळला तर बोटं जात नाहीत. शिकलेला हात आहे.” मग चहा घेताना त्यानं सांगितलं, की इथून आठ मैलांवर आमचं डोनरेल गाव आहे ना, त्या नावाचा एक घोडा १९१३ साली केंटकी डर्बी जिंकला. एक्क्याण्णवास एक असा त्याचा भाव होता. म्हणजे त्याच्यावर त्याच्या मालकाचाही भरवसा नसावा. त्या शर्यतीत इतक्या वरच्या भावाचा घोडा त्याआधी जिंकला नव्हता, आणि त्यानंतरही नाही.

“त्या घोड्याचा दोर कोण धरायचा?” घुल्यांनी विचारलं.

डोनलला माहीत नव्हतं. त्या रात्री घुल्यांनी पुस्तकांत शोधलं. कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही, हे तर त्यांचं रोजचं जेवण. तिथून पुढे सहा वर्षं.

सहा वर्षं आम्ही डर्बीतून कामावर गेलो. मला त्या शर्यतीचं सन १८७५ पासूनचं सगळं पाठ झालं. पहिल्या डर्बीत पंधरा घोडे होते आणि त्यांतले तेरा जॉकी काळे. घुले हे सांगायचे तेव्हा ‘तेरा’वर थांबायचे, आम्ही मान हलवेपर्यंत. जो घोडा जिंकला, ॲरिस्टायडीस, त्याला मुळी जिंकायला आणलंच नव्हतं. मालकाचा लाडका घोडा दुसरा. याचं काम एवढंच, की सुरुवातीला जीव तोडून पुढे पळायचं, बाकीच्यांना दमवायचं, मग बाजूला व्हायचं आणि लाडक्याला वाट द्यायची. पण लाडका सुरुवातीलाच रखडला, आणि हा पुढे होता तो पुढेच राहिला. त्याला शिकवणारा ट्रेनर जन्मानं गुलाम होता. वर बसलेल्या जॉकीला पुन्हा कधी डर्बीत घोडा मिळाला नाही.

“म्हणजे चुकून जिंकला, काका,” सलील म्हणाला.

“चुकून नाही. त्याला कुणी थांबवलं नाही.”

“एकच की ते.”

“एक नाही,” घुले म्हणाले.

पहिल्या अठ्ठावीस डर्बींपैकी पंधरा काळ्या जॉकींनी जिंकल्या. मग हळूहळू त्यांना घोडे देणं बंद झालं, आणि १९२१ नंतर थेट २००० सालापर्यंत एकही काळा जॉकी त्या शर्यतीत दिसत नाही. १९०१ आणि १९०२, अशी लागोपाठ दोन वर्षं जिंकलेला एक जॉकी म्हातारपणी, साठ वर्षांनी, एका मेजवानीला आमंत्रण घेऊन आला, तर हॉटेलवाले त्याला पुढच्या दारानं आत सोडेनात. १९७३ साली सेक्रेटेरिएट नावाच्या घोड्यानं जी वेळ नोंदवली, ती अजून मोडलेली नाही. त्या घोड्याला सांभाळणारा माणूस घोड्याच्या शेजारी झोपायचा, त्याच्याशी गप्पा मारायचा. घोडा सगळ्या जगाला माहीत. माणूस, ज्याला घुले सांगतील त्याला.

हे सगळं त्यांनी इंग्रजीत लिहून काढलं. ब्याण्णव पानं. प्रत्येक वाक्याखाली हे कुठून घेतलं त्याची टीप. डोनरेल घोड्याचं नाव केंटकीतल्या त्याच नावाच्या एका लहानशा जागेवरून आलं आणि त्या जागेचं नाव आपल्या या शेजारच्या गावावरून गेलं, असं सगळं मॅलो छाती फुगवून सांगतं. घुल्यांनी लिहिलं होतं, ‘गेलं असावं’.

मी म्हटलं, “अहो, ‘गेलं’ म्हणा की. गावाला बरं वाटेल.”

“पुरावा आणा. लगेच ‘असावं’ काढतो.”

शेवटचं प्रकरण होतं दोर धरणाऱ्यांचं. त्यात केंटकीचे मोतद्दार होते, सेक्रेटेरिएटचा माणूस होता, डोनलची चाळीस वर्षं होती, त्याच्याच शब्दांत, सात पानं. आणि अगदी शेवटी तो फोटो, खाली एक ओळ: उजवीकडून पहिले, धोंडिबा घुले.

पहिल्या पानावर नाव घालायचं होतं ते पूर्ण. मोरेश्वर धोंडिबा घुले.

रोहिणीवहिनी म्हणाल्या, “अहो, इथे मधलं नाव कुणी लावत नाही. पोस्टमन गोंधळेल.”

“पोस्टमन माझं पुस्तक वाचत नाही.”

“मग कोण वाचतं?”

“वाचू नये कुणी. नाव असू दे.” आणि मग हळूच म्हणाले, “तेव्हा टोपी घालून बसवलं त्यांना, बोलू दिलं नाही. एकदा नीट लिहून ठेवतो.”

वहिनींनी पुन्हा तो विषय काढला नाही. उलट त्या पानाची प्रिंट काढून फ्रिजवर लावली. वाणसामानाच्या यादीच्या वर.

मग आलं २०२४. डर्बीची दीडशेवी शर्यत. मॅलोतल्या काही हौशी मंडळींनी समिती केली: चार मे, शनिवार, दुपारी हॉटेलात जेवण, बायकांच्या टोप्यांची स्पर्धा, पुदिन्याचं ते अमेरिकी पेय. खरी शर्यत आमच्याकडच्या घड्याळानं मध्यरात्री. पण आयरिश माणूस समारंभासाठी शर्यतीवर अवलंबून राहत नाही. या समितीत सलील होता. सलील नाही अशी समिती मॅलोत नव्हतीच. तो एक दिवस गाडीत म्हणाला, “काका, तुमचं ते लिखाण द्या ना. समिती दोनशे कॉप्या छापेल. लेआउट मी करतो.”

घुल्यांनी खिडकीची काच खाली घेतली आणि पुन्हा वर घेतली. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिला नव्हता.

सलीलनं लेआउट केलं. उत्तम केलं, खोटं कशाला बोला. घुल्यांनी प्रूफात एकेचाळीस चुका काढल्या, त्यानं एकेचाळीस दुरुस्त केल्या. मग एप्रिलच्या एका सकाळी, कारखान्याच्या पार्किंगमध्ये, समितीला द्यायचा शेवटचा कागद त्यानं घुल्यांपुढे धरला. समितीनं नुसती संमती मागितली होती. सलीलनं सवयीनं आमच्या कारखान्याचाच नमुना उचलला होता. वर पुस्तकाचं नाव. खाली दोन रकाने: ‘तयार करणारा’ आणि ‘तपासणारा’.

बाहेर पाऊस होता, हजेरीला चार मिनिटं उरली होती. घुल्यांनी खिशातलं निळं पेन काढलं, कागद गाडीच्या टपाखाली गुडघ्यावर घेतला आणि सही केली. एम. जी. तारीख. टोपण लावलं.

मी मागच्या सीटवरून बघत होतो. मला काही वेगळं दिसलं नाही. एकोणीस वर्षं ज्या घरात राहिला त्याच घरात तो हात शिरला, दुसऱ्या.

पहिला रकाना मोकळा होता. तो सलीलनं नंतर भरला.

चार मेला आम्ही सगळे नटून हॉटेलात गेलो. रोहिणीवहिनींनी नारायणपेठ नेसली होती आणि टोप्यांचा मान राखायला अंबाड्यावर मोराचं एक पीस खोचलं होतं. घुले कोटात. डोनल अंत्ययात्रांसाठी ठेवलेल्या सुटात. त्याच्याकडे तो एकच होता. “सात पानं!” तो भेटेल त्याला सांगत होता. “सात पानं आहेत माझी त्यात.”

समितीच्या बाईंनी माइकवर पुस्तकाचं कौतुक केलं आणि लेखक म्हणून सलीलला पुढे बोलावलं.

मला वाटलं, तो घुल्यांना बरोबर नेईल. तो एकटा गेला. चांगलं बोलला. टोप्यांवर विनोद केला, पुदिन्यावर केला. डोनरेल घोड्याचं नाव आपल्या शेजारच्या गावावरूनच गेलंय, असं ठणकावून सांगितलं, तेव्हा हॉल टाळ्यांनी दणाणला. शेवटी म्हणाला, “आणि माझे ज्येष्ठ सहकारी घुले सर, ज्यांनी स्पेलिंग तपासण्यात मदत केली, त्यांचे विशेष आभार.”

पुन्हा टाळ्या. घुले उभे राहिले. सवय हो, नाव घेतलं की माणूस उभा राहतो. अर्धवटच उठले आणि तसेच बसले.

पुस्तक आमच्या टेबलावर आलं. अठ्ठेचाळीस पानं. मुखपृष्ठावर सलीलचं नाव. ‘असावं’ नव्हतं, ‘आहे’ होतं. टिपा नव्हत्या. पहिल्या डर्बीचे तेरा जॉकी एका ओळीत आटोपले होते. शेवटच्या प्रकरणाच्या जागी टोप्यांचा इतिहास होता आणि पुदिन्याच्या पेयाची कृती. मागच्या आतल्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर, मुंगीच्या अक्षरात: तपासणी, एम. जी.

मधलं अक्षरसुद्धा नव्हतं. कारखान्याच्या सहीत ते कधीच नव्हतं.

डोनल चष्मा लावून पानं उलटत होता. एकदा पुढून मागे, एकदा मागून पुढे. मग त्यानं ते शेवटचं बारीक अक्षर बोटानं दाबलं.

“एम. जी. म्हणजे तूच ना?”

“मीच.”

“तपासलंस तू हे?”

घुल्यांना सांगता आलं असतं, की मी तपासलं ते वेगळं होतं, माझ्या सहीनंतर हे बदललंय. कारखान्यात यापेक्षा मोठं पाप नाही. सहीनंतर शाईचा ठिपका हलला तरी चौकशी बसते. पण सही छापलेली होती, आणि छापलेलं ते घडलेलं. ते म्हणाले, “हो.”

“ग्रँड,” डोनल म्हणाला. इथे ‘ग्रँड’ म्हणजे नुसतं ‘ठीक आहे’. त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं, जेवण तसंच टाकून टोपी घेतली आणि घरी गेला. नंतर घुले दोनदा त्याच्या दाराशी जाऊन आले. दोन्ही वेळा तो दारात उभा राहून म्हणाला, “अरे, ग्रँड आहे सगळं. विसर ते.” कुंपणावरून हात करतो अजून. चहाला येत नाही.

सोमवारी आम्ही तिघं नेहमीसारखे गाडीत बसलो. हमरस्त्याला लागल्यावर सलीलच म्हणाला, “काका, तुम्ही काही मनात ठेवू नका हं. तुम्ही स्वतःच तिथे सही केलीत. मला वाटलं, तुम्हाला नावाची हौस नाही.”

“सही मी केली,” घुले म्हणाले. “चूक माझी आहे. ती मी मान्य करतो.”

“तेच म्हणतो मी.”

“पहिल्या रकान्यातली चूक तुझी आहे. त्याच्यावर रेघ तू मारायचीस. नियम तुलाही माहीत आहे, दुसऱ्याच्या सहीवर मला रेघ मारता येत नाही.”

सलील हसला. वाईट हसला नाही, समजावल्यासारखा हसला. “काका, हा काय कारखान्यातला बॅच रेकॉर्ड आहे का? दोनशे कॉप्या वाटून झाल्या. पुढच्या आवृत्तीत बघू ना, प्रॉमिस.”

“आणि शेवटचं प्रकरण?”

“त्यांना लहान हवं होतं हो. लोक मजा करायला आले होते. घोडा धरणाऱ्यांचं कोण वाचतं?”

फोटोतला हात कुणाच्या वडिलांचा, हे त्याला माहीत नव्हतं. ही त्याची बाजू मी प्रामाणिकपणे मांडतो. छापायला दिलेल्या मजकुरातला तो फोटो त्यानं बघितला असणार, पण ‘घुले’ हे नाव त्याच्या नजरेतून सुटलं असणार. त्यानं प्रकरण वाचलं नव्हतं, फक्त किती पानांचं आहे ते पाहिलं होतं.

मला माहीत होतं. आणि मी मागच्या सीटवर बसून खिडकीबाहेरच्या मेंढ्या मोजत होतो. गाडी सलीलची होती, उद्याही कामावर जायचं होतं. माणूस किती स्वस्तात गप्प बसतो, याचा भाव कुठल्याच शर्यतीच्या फळ्यावर लागत नाही.

मंगळवारपासून घुले ट्रेननं जाऊ लागले.

तीन आठवड्यांनी शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. “वाचनालयात येता का? एक साक्षीदार लागेल.”

मॅलोच्या वाचनालयात स्थानिक इतिहासाचं एक कपाट आहे. पुस्तकाची एक प्रत समितीनं तिथे भेट दिली होती. घुल्यांनी ती काढली, टेबलावर ठेवली, शेवटचं आतलं पान उघडलं. मुखपृष्ठाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. निळं पेन काढलं आणि ‘एम. जी.’वर एक रेघ मारली. कारखान्याच्या नियमाप्रमाणे, एकच, सरळ, खालचं अक्षर वाचता येईल अशी. शेजारी तारीख घातली. आणि कारण लिहिलं: ‘तपासणी मागे घेतली. तपासलेला मजकूर हा नव्हे.’

“बास?” मी म्हटलं. “वर आपलं नाव तरी लिहा.”

“ती नोंद माझी नाही,” ते म्हणाले.

मग ते पुस्तक घेऊन काउंटरवर गेले आणि तिथल्या बाईंना म्हणाले, “मी वाचनालयाच्या पुस्तकात लिहिलं आहे. नोंद करून घ्या.”

बाईंनी पान पाहिलं. “कुठे? हे होय? अहो, ग्रँड आहे हे, राहू द्या. मुलं याहून भयंकर करतात.”

“तुमचा काही फॉर्म असेल ना?”

“फॉर्म कशाला? पेनची रेघ तर आहे.”

“पुस्तक खराब झालं आहे. लिहून ठेवलं नाही तर ते घडलं नाही, असं होईल.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, काय सांगणार? त्या आत गेल्या, मागच्या कपाटात बराच वेळ खुडबुड झाली, आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आल्या. पुस्तकाच्या नुकसानीचा फॉर्म. त्यावर पुस्तकाचं नाव, नुकसानीचं वर्णन, आणि खाली दोन जागा. पहिली, हे करणाऱ्याचं पूर्ण नाव. दुसरी, साक्षीदार.

घुल्यांनी पेन उचललं. ते थांबले. मग त्यांनी पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं, ते तसंच दाबून धरलं, आणि मोठ्या छापील अक्षरांत, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं: मोरेश्वर धोंडिबा घुले. ‘धोंडिबा’ लिहायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. बाई उलट्या बाजूनं वाचायचा प्रयत्न करत होत्या.

“हे मधलं कुणाचं?” त्यांनी विचारलं.

“वडिलांचं. घोड्यांचे मोतद्दार होते.”

“अरे वा,” बाई म्हणाल्या. त्यांच्यामागे फोन वाजत होता.

घुल्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “तपासा,” म्हणाले.

मी तपासला. मोरेश्वर. धोंडिबा. घुले. चूक नव्हती. दुसऱ्या रकान्यात मी सही केली, आद्याक्षरं नाहीत, पूर्ण नाव, आणि तारीख घातली. मेंढ्या मोजणाऱ्या माणसाला एवढंच करता येण्यासारखं होतं, आणि ते करायला मला तीन आठवडे लागले होते.

बाईंनी फोन खांद्यात धरून कागद घेतला. घुले म्हणाले, “हे कागद किती वर्षं ठेवता?”

त्यांना प्रश्न कळला नाही. परत विचारल्यावर म्हणाल्या, “ड्रॉवर भरेपर्यंत.”

त्यांनी ड्रॉवर ओढून कागद आत टाकला. दुसरा एकही कागद त्यात नव्हता.